इशारा देणं आणि तो ऐकून घेणं, दोन्ही शिकावं लागतं

उड्डाणाचं तंत्र पक्कं असेल तर वैमानिकांना संवाद, नेतृत्व वगैरेंचं प्रशिक्षण देणं ही नुसती औपचारिकता, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही.

डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीचं १७३ क्रमांकाचं विमान इंधन संपून कोसळलं. लँडिंग गिअर (उतरताना लागणारी चाकं) नीट उघडलंय का, या एकाच शंकेत अनुभवी कॅप्टन जवळपास तासभर घिरट्या घालत राहिला. फ्लाइट इंजिनिअरला (कॉकपिटमध्ये विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्याला) इंधन घटताना दिसत होतं, तो सांगतही होता. पण ते सांगणं इतकं मवाळ होतं की कॅप्टनपर्यंत त्याची निकड पोहोचलीच नाही. १० जण गेले. चौकशीत दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं गेलं, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: कॅप्टनने सहकाऱ्यांचं ऐकायला शिकावं, सहकाऱ्यांनी ठामपणे बोलायला.

उलट उदाहरण १९८९ चं, अमेरिकेतल्याच सू सिटीचं. युनायटेडच्याच डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवण्याची नेहमीची साधनं, गेल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांची मदत घेतली, थ्रॉटल (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) त्यांच्या हाती दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे याचं श्रेय संवाद-नेतृत्वाच्या प्रशिक्षणालाही दिलं.

म्हणून सिम्युलेटरमध्ये (सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये) फक्त इंजिन बंद पाडून भागत नाही. कॅप्टनला मुद्दाम चुकायला सांगावं आणि शेजारचा सहवैमानिक किती लवकर, किती स्पष्ट बोलतो ते पाहावं.