मदत हवी आहे: प्रशिक्षक आणि कर्णधारासाठी मैदानावरचे सराव

नाशिकला आमचा शाळकरी मुलींचा खो-खो संघ आहे. बहुतेक जणी पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या, वसतिगृहात राहणाऱ्या. आठ जणी चौकात, नववी पाठलाग करणारी. एकमेकींवर भरवसा नसेल तर खो वेळेत पडतच नाही. फाउल झाला की सर ओरडतात, कर्णधारही तेच उचलते. मग धाकट्या दुखणं लपवतात, याचं फार वाईट वाटतं. सरावानंतर गोल करून बोलायचं ठरवलं, तर सरांसमोर सगळ्या गप्प. मोठी-धाकटी जोड्यांचा मात्र उपयोग झाला. घोटा सुजला तर ताईला आधी कळतं. सर तळमळीने शिकवतात, त्यांना सोबत घेऊनच करायचंय. बाहेरचा वक्ता परवडणार नाही, मुलींकडे फोन नाहीत. शिस्त राखून सर आणि कर्णधार, दोघांचं मुलींशी नातं जुळेल असे कोणते सराव तुम्ही प्रत्यक्ष घेतलेत?