श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचं छापचित्र: पुरावा म्हणून धरावं का?

जुनाबाजार: एका ओळखीच्यांकडे भिंतीवर मोठं छापचित्र आहे. तटाला पडलेलं खिंडार, त्यावर चढणारे लाल डगलेवाले, मधोमध तलवार उगारलेला अधिकारी. खाली केर पोर्टर आणि व्हेंद्रामिनी ही नावं. ४ मे १७९९ चा, टिपूच्या राजधानीवर इंग्रजांनी केलेला सुलतानढवा (निकराचा हल्ला). यावर कितपत विसंबावं? आणि मराठे कुठेच कसे नाहीत?

तोफखाना: मराठे नाहीत कारण १७९९ च्या वेढ्यात पेशव्यांची फौज नव्हतीच. इंग्रजांबरोबर निजामाची होती. १७९२ च्या आधीच्या वेढ्यात मात्र पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिससोबत तिथे होते.

आता चित्र. रॉबर्ट केर पोर्टरने श्रीरंगपट्टण पाहिलंच नव्हतं! विशीतल्या या पठ्ठ्याने १८०० साली लंडनच्या लायसियम सभागृहात हल्ल्याचं अवाढव्य रंगचित्र मांडलं आणि लोक पैसे मोजून बघायला लोटले. तुमचं छापचित्र त्यावरून व्हेंद्रामिनीने कोरलेलं. तरी अगदीच टाकाऊ नाही. कोण अधिकारी होते, अंगावर काय होतं, हे त्यात जपून दाखवलंय, कारण ते अधिकारी आणि त्यांचे नातलग हयात होते.

खरी मेख तो तलवारवाला. तो डेव्हिड बेअर्ड. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत म्हैसूरकरांच्या हाती सापडला आणि याच श्रीरंगपट्टणात साडेतीन वर्षांहून जास्त कैदेत पडला होता. लंडनकरांना हा सूड बघायचा होता, चित्रकाराने तो मधोमध बसवला. कावेरीला पूर यायच्या आत उरकायची घाई, भर दुपारी साधलेली वेळ, नंतरची लूट, यातलं काय दिसतं सांगा.

मोडीवाचक: पण म्हणून हजर असलेल्या चित्रकाराचं सगळं खरं मानू नका. रॉबर्ट होम १७९१-९२ च्या मोहिमेत फौजेबरोबर हिंडला. त्याने काढलेले म्हैसुरी किल्ले मला अजूनही उपयोगी वाटतात. टिपूची दोन मुलं ओलीस घेतानाचं चित्रही त्याचंच, आणि त्यात कॉर्नवॉलिस अगदी मायाळू वडीलधारा! ओलीस मागितले कुणी, हा प्रश्न बघणाऱ्याला पडूच नये अशी मांडणी.

जुनाबाजार: आभारी आहे. आता प्रत अस्सल की नंतरची, हे कसं ओळखायचं?

तोफखाना: भिंग लावा. व्हेंद्रामिनी ठिपक्यांनी कोरायचा, त्यामुळे चेहऱ्यांवर लहानमोठे, दाट-विरळ ठिपके दिसायला हवेत. सगळीकडे एकसारखी जाळी दिसली तर ती नंतरची यांत्रिक छपाई. कागद चौकटीतून काढायचा झाला तर जाणकाराकडूनच, घरी खटाटोप नको.