मदत हवी आहे: ओढ्यातला मासा सडपातळ, बंधाऱ्यातला पोटाळ. फरक खरा की माझी मोजणी चुकली?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करते, शेवटचं वर्ष. प्रकल्पाचा विषय मीच हट्टानं निवडला आणि आता त्यातच अडकले आहे.

विषय आहे: वाहत्या आणि साठलेल्या पाण्यात माशाच्या अंगाची ठेवण कशी बदलते. दोन वेगळ्या जातींमधला फरक तर नुसत्या डोळ्यांना दिसतो. खळाळातल्या दगडाखाली मळ्या असतो. मामानं धरून दिलेला पहिला मळ्या मी स्टीलच्या डब्यात ठेवला होता. पाणी ओतून डबा उपडा धरला, तरी तो तळाला चिकटूनच! हनुवटीखाली गोल गादीसारखी चकती, पोट सपाट, छातीचे पर दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले. वरून पाणी जोरात गेलं की तो उचलला जाण्याऐवजी दगडावर दाबला जात असणार, हे त्याला हातात धरल्यावरच मला कळलं. साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा आपल्या मराठी नावावरूनच याचं शास्त्रीय नाव 'मुल्या' ठेवलं, हे वाचून तर फार आनंद झाला होता.

पण माझा प्रश्न एकाच जातीतल्या फरकाचा आहे. त्यासाठी रासबोरा घेतला, तो डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असलेला. तो दोन्हीकडे मिळतो. एक ठिकाण गगनबावड्याच्या बाजूला कुंभीला मिळणारा ओढा, दुसरं भोगावतीवर हळदीच्या बंधाऱ्यामागचं पाणी. दोन्हीकडून तीस-तीस मासे मोजले. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची लांबी, अंगाची जास्तीत जास्त उंची, आणि शेपटीच्या मुळाजवळ अंग जिथं सगळ्यात निमुळतं होतं तिथली उंची. बंधाऱ्यातले मासे लांबीच्या मानानं स्पष्टच उंच अंगाचे निघाले.

पुस्तकी उत्तर सोपं आहे. सतत प्रवाहाविरुद्ध पोहायचं तर पाण्याचा अडथळा कमी लागेल असं निमुळतं अंग बरं. साठलेल्या पाण्यात तेवढा जोर लावायला लागत नाही, तिथं झटकन वळणं आणि शत्रूपासून एकदम उसळी मारून सटकणं महत्त्वाचं, म्हणून उंच, दोन्ही बाजूंनी चपटं अंग. व्हेनेझुएलातल्या सिनारुको नदीत मुख्य पात्रातले आणि बाजूच्या डोहांतले एकाच जातीचे मासे मोजले, तेव्हा मोजलेल्या दोन्ही जातींत असा फरक दिसला होता (२००३). अमेरिकेच्या दक्षिण भागात धरणांमागे अडकलेल्या एका लहान माशाचं अंगही ओढ्यातल्या भाऊबंदांपेक्षा उंच निघालं (२०१०).

पण ती धरणं आणि ते डोह कायमचे. आपला कोल्हापुरी बंधारा तसा नाही. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पुढचा पाऊस तोंडावर आला की काढतात. म्हणजे आठेक महिने तळं आणि चार महिने दणदणीत नदी. पूर आला की बंधारे पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली होती. त्या पाण्यात कुठला मासा कुठला राहिला असेल? मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं पोरी, बरगं काढलं की समदं एकच हुतंय."

दर वर्षी सगळे मिसळत असतील तर वेगळी ठेवण पिढ्यान्‌पिढ्या टिकणार कशी? मग मला दिसलेला फरक आला कुठून? सादरीकरण जवळ आलंय. मार्गदर्शकांना विचारलं तर "आकडे आलेत ना, लिहून टाक" एवढंच उत्तर मिळालं. मला तसं लिहायचं नाही.

— ओढ्याकाठची

*

ताई, प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय. आधी कटू बोलतो.

तुमच्याकडे साठ मासे आहेत, पण ठिकाणं दोनच. कुंभीचा ओढा आणि भोगावतीचा बंधारा यांत पाणी वाहतं की थांबतं एवढाच फरक नाही. उंची, तापमान, खाणं, खाणारे, सगळंच वेगळं. शंभर मासे मोजले तरी उत्तर "हा ओढा विरुद्ध हा बंधारा" एवढंच राहील. वाहत्या आणि साठलेल्या पाण्याच्या निदान चार-पाच जोड्या हव्यात, आणि प्रत्येक जोडी एकाच नदीवरची.

दुसरं, दोन्ही ठिकाणचे मासे सारख्याच महिन्यात धरले होते का? मोठा मासा आणि लहान मासा यांच्या अंगाचं प्रमाणही मुळातच वेगळं असतं, त्यामुळे उंची भागिले लांबी एवढ्यावर थांबू नका. मासा फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी लवंग तेलानं गुंगवून, कुशीवर सरळ ठेवून, शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढा. मग टीपीएसडिग या फोटोवर मोजमापाच्या खुणा लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये खुणा लावा: तोंडाचं टोक, डोळा, प्रत्येक पराची सुरुवात आणि शेवट. पोटाच्या फुगवट्यावर भिस्त नको, डोकं आणि शेपटीचं मूळ जास्त खरं बोलतात. आणि दोन्हीकडचा रासबोरा एकाच जातीचा आहे ना, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

राहिला मिसळण्याचा प्रश्न. ठेवण वेगळी दिसायला ती वारशानंच यावी लागते असं नाही. एकाच आईची पिल्लं वेगवेगळ्या पाण्यात वाढली तर अंग वेगळं घडू शकतं.

— कातळसडा

*

ताई, मी शास्त्र शिकलेला नाही, पण लहानपणापासून नदीवर आहे. मे महिन्यात धरलेला मासा असंल तर निम्म्या माद्या अंड्यांनी टम्म असणार. पोट मोजून काय उपेग नाही, चिरून बघा.

आणि चढणीचे मासे विसरला काय? पहिल्या पाण्याला मासा वर चढतो, वताड्यातनं, शेतातनं, मिळंल तिकडं. तिथं अंडी टाकतो. पाणी उतरलं की बारकी पिल्लं नदीत येत्यात आणि बरगं पडलं की तिथंच अडकत्यात. म्हणजे बंधाऱ्यातला बारका मासा तिथं जन्मलेलाच नसतोय, नुसता वाढलेला असतोय.

— भोगावतीकाठ

*

दोघांचेही मनापासून आभार. आत्ता वही काढून बघितली: ओढ्यातले मासे जानेवारीतले, बंधाऱ्यातले मेचे. पन्नास मासे अजून बरण्यांत आहेत, आज रात्रीच नर-माद्या वेगळ्या करायला बसते. पोट वगळून काही उरतं का ते कळेल.

भोगावतीकाठ दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यानं माझा सगळा आराखडाच बदलला. पिल्लं बाहेरून येऊन अडकत असतील तर दोन ठिकाणांपेक्षा दोन वेळा महत्त्वाच्या. बरगे घातल्या घातल्या पहिला नमुना, आणि काढायच्या आधी दुसरा, त्याच बंधाऱ्यातून, माद्या वेगळ्या ठेवून. शेजारी वाहत्या पाण्यातला नमुनाही त्याच दोन वेळांना. सुरुवातीला दोन्हीकडची पिल्लं सारखी आणि शेवटी वेगळी निघाली, तर अंग तिथंच घडलं असं म्हणायला आधार मिळेल. जमलं तर एकाच विणीतली पिल्लं दोन टाक्यांत वाढवेन, एकीत पंपानं प्रवाह सोडून. हे या वर्षीच्या सादरीकरणात बसणार नाही, तिथं मी फक्त मळ्या आणि रासबोरा यांची तुलना मांडेन आणि बंधाऱ्याचा प्रश्न उघडाच ठेवेन.

अडचण एकच. भोगावतीवर एका बंधाऱ्याचं पाणी वरच्या बंधाऱ्यापर्यंत टेकतं, मधे वाहतं पात्र फारसं उरत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, कुठंही असो, बरगे घातल्यावरही ज्या बंधाऱ्याच्या वर किंवा खाली मार्चपर्यंत खळाळ टिकतो, असा तुमच्या गावाजवळ असेल तर कृपया नाव सांगा. मी मामाला घेऊन येते.

— ओढ्याकाठची