‘सामुदायिक जीवन’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : दिव्यांग हक्क कायद्यात ‘कम्युनिटी लाइफ’ असं कलम आहे. पालकसंघासाठी त्याचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘सामुदायिक जीवन’ लिहिलं, तर एका आईने विचारलं, “म्हणजे सगळ्या मुलांना एकत्र ठेवणार? कुठे आहे ते वसतिगृह?” दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : त्या आईंना लागला तो मराठीतला सरळ अर्थ आहे. सामुदायिक विवाह, सामुदायिक प्रार्थना, सगळीकडे ‘पुष्कळांनी मिळून’ हाच भाव. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५ ला नेमकं उलट म्हणायचंय. अपंग माणसाला चारचौघांत राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये. मी ‘समाजात राहण्याचा हक्क’ लिहीन.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. हक्क ‘आहे’, पण सक्ती टाळण्यासाठी आणि घरपोच सेवा, मदतनीस मिळवून देण्यासाठी समुचित शासन, म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकार, ‘प्रयत्न करील’. पत्रकात ‘शासन देईल’ असं लिहू नका, लोक कार्यालयात जाऊन हात हलवत परत येतील. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ जास्त ठाम आहे. घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, असं त्याचं कलम १९ सांगतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांच्या संदर्भात हे वाक्य फार मोलाचं आहे.

आणखी एक. ‘पर्सनल असिस्टन्स’साठी ‘सांभाळणारा’ नको, ‘मदतनीस’च हवा. सांभाळणारा ठरवतो की आता अंघोळ, आता झोप. मदतनिसाला त्या माणसाने सांगायचं असतं.

दुसरा प्रतिसाद : शब्द पटला. पण पालकांचा खरा प्रश्न “आमच्यानंतर याचं कसं?” हा असतो, त्याला पत्रकात जागा द्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास ही केंद्राची संस्था स्थापन झाली. तिच्या ‘घरौंदा’ (आता ‘समर्थ-कम-घरौंदा’) योजनेत प्रौढांसाठी आयुष्यभराच्या निवासाची कल्पना आहे. ते समाजात राहणं की संस्थेत? पाटीवरून ठरत नाही. खोलीत सोबत कोण हे तिथे राहणाऱ्याला विचारतात का, रविवारी तो एकटा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ शकतो का, हे बघायचं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांविषयीच्या करारात कुठे आणि कुणासोबत राहायचं याची निवड इतरांच्या बरोबरीने हवी, असंच म्हटलंय.

प्रश्नकर्ती : मग असं लिहू? “आपल्या पाल्याला समाजात, आपल्या पसंतीच्या ठिकाणी राहण्याचा हक्क आहे.”

प्रतिसाद : ‘पाल्य’ काढा, ताई. यातले कितीतरी जण तिशी-चाळिशीचे आहेत. ‘आपल्या’ही काढा, पसंती पालकांची वाटते. “दिव्यांग व्यक्तीला समाजात, स्वतःच्या पसंतीच्या ठिकाणी राहण्याचा हक्क आहे” एवढं पुरे.