पश्चिमेची भिंत: खालची फट बुजवायची का? (बुधवारच्या आत उत्तर हवं)
(फीनिक्स, अ‍ॅरिझोना परिसरातल्या मराठी मंडळाची ई-मेल यादी)

प्रेषक: सु., गिल्बर्ट
रविवार, रात्री 10:12

नमस्कार मंडळी,

तातडीचं आहे म्हणून इतक्या रात्री लिहितेय. आमची पश्चिमेची भिंत, तीच, जिच्या कडेला मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीचा मांडव होता. गॅरेजच्या कोपऱ्याजवळ जमिनीपासून वीतभर उंचीवर फुगे आलेत. परवाच्या धुळीच्या वादळानंतर पाऊस झाला तेव्हा मोठे झाले. बोटाने दाबलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि आतून पांढरी पूड पडते. एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्रही आलंय, 30 दिवसांत दुरुस्ती करून रंग द्या म्हणून.

काल एक हँडीमन बघून गेला. त्याचं म्हणणं, जमिनीलगत भिंत संपते तिथे पत्र्याची पट्टी आहे, त्या फटीतून पाणी वर चढतं. सगळी फट सिलिकॉनने बंद करतो, वर पॅच मारून रंग देतो, 950 डॉलर. बुधवारी सकाळी येतोय. हो म्हणू का? गणपतीला 18 दिवस राहिलेत आणि यंदाही आरती आमच्याकडेच आहे.

सु.


प्रेषक: मेसाकाका
सोमवार, पहाटे 5:40

सु.,

हो म्हणू नकोस. निदान त्या फटीला तरी हात लावू देऊ नकोस.

ती फट म्हणजे भिंतीची मोरी आहे. पट्टीला इथे वीप स्क्रीड म्हणतात. आपल्या बहुतेक घरांना लाकडी सांगाडा, त्यावर पाणी अडवणारा कागद, मग इंचभर थर्माकोल, तारेची जाळी, त्यावर बोटाच्या अर्ध्या पेराइतका सिमेंटचा थर आणि सगळ्यात वर अ‍ॅक्रिलिकचा सिंथेटिक स्टको, म्हणजे बाहेरचा रंगीत गिलावा. खिडकीच्या कडेने, दिव्याच्या डब्यातून, केसाएवढ्या भेगेतून थोडं पाणी आत जातंच. ते कागदावरून खाली उतरतं आणि त्या पट्टीतून बाहेर पडतं. ती वाटच बुजवली तर पाणी जाणार कुठे? लाकडात.

पट्टीच्या खाली मातीपर्यंत 4 इंच मोकळे हवेत, फरशी असेल तर 2 इंच. ते मोजून सांग. माझ्या मते तुझी गडबड फटीत नाही, दुसरीकडे आहे. ती पांढरी पूड चिमटीत घेऊन चोळून बघ, क्षारांची खरखरीत पूड असेल. सिमेंटमध्ये ओल चढते, उन्हाने ती बाहेर यायला बघते, वर रंगाचे जाड थर असतात. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार रंगाच्या मागे साचतात आणि रंग ढकलतात.

काका


प्रेषक: वै., चँडलर
सोमवार, सकाळी 8:05

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, आम्ही ती फट 5 वर्षांपूर्वी चारही बाजूंनी बंद करून घेतली आणि आमच्या भिंतीला काहीही झालेलं नाही. कारण पाणी नव्हतं, विंचू होते.

धाकटी पावणेतीन वर्षांची असताना तिच्या पायाला बार्क स्कॉर्पियन चावला होता. रात्री दोन वाजता ती किंचाळत उठली, डोळे इकडेतिकडे फिरायला लागले, तोंडातून लाळ गळत होती. ती रात्र मी विसरू शकत नाही. नंतर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन घराभोवती फिरलो तर भिंतीच्या पायाशी सात विंचू हिरवे चमकत होते, त्यातले दोन त्या पट्टीतूनच डोकं काढून बसलेले. क्रेडिट कार्ड जाईल एवढी फट त्यांना पुरते.

इथे पाऊस वर्षाला जेमतेम 7 इंच. विंचू बाराही महिने. सु. वहिनी, तुमच्याकडे आरतीला लहान मुलं येणार आहेत, याचाही विचार करा.

वै.


प्रेषक: मेसाकाका
सोमवार, सकाळी 9:20

वै.,

तुझ्या लेकीचं मला आठवतंय. त्या महिन्यात आम्ही सगळेच हादरलो होतो. विंचवाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणतच नाही.

पण विंचू अडवायला सिलिकॉन लागत नाही. तांब्याची बारीक जाळी मिळते, भांडी घासायच्या तारेसारखी गुंडाळी. ती पेचकसने फटीत सैलसर खोचायची. हवा जाते, पाणी उतरतं, विंचू येत नाही. आमच्याकडे मी हेच केलंय. शिवाय भिंतीलगतची खडी आणि पालापाचोळा फूटभर लांब ठेवायचा, कारण विंचू दिवसा त्याखालीच लपतो.

7 इंचांचं म्हणशील तर तो पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. जुलै-ऑगस्टच्या वादळात वारा पाणी आडवं मारतो, तासाभरात भिंत भिजते. आणि 5 वर्षं काही झालं नाही हे बाहेरून दिसतंय. आत कागदामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. माझी विनंती आहे, खिडकीखाली एका ठिकाणी ओलावा मोजून घे. मीटर मी देतो.

काका


प्रेषक: यादी-व्यवस्था
सोमवार, सकाळी 11:00

मंडळी, कृपया विषयाची ओळ बदलू नका आणि विंचवांसाठी वेगळा धागा काढा. हा धागा शनिवारी नवीन सदस्यांना पाठवायचा आहे. तसंच रंगाऱ्यांची नावं इथे देऊ नका. दोन वर्षांपूर्वी गटाने रंग करून घेतला तेव्हा कोणाचा रंगारी चांगला यावरून जे झालं, ते पुन्हा नको. रंगारी-गवंड्यांची यादी मी ठेवते, हवी असेल त्यांनी मला वेगळं लिहा.


प्रेषक: दि., स्कॉट्सडेल
सोमवार, दुपारी 1:30

फुग्यांचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या खिडकीभोवती जी उठावाची चौकट आहे तिला सुतार पक्ष्याने भोक पाडलंय. खाली थर्माकोलचे दाणे साबुदाण्यासारखे सांडलेत. भोक एवढं की माझी मूठ आत जाते. हाही फटीचाच प्रकार ना? बुजवू का?

दि.


प्रेषक: पिओरियाचे आजोबा
सोमवार, दुपारी 4:45

दि.,

आधी आत बघ. अंडी किंवा पिल्लं असतील तर हात लावायचा नाही. इथला गिला सुतार स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली येतो, वापरात असलेलं घरटं काढणं गुन्हा आहे. आत मोबाईल धरून फोटो काढ. रिकामं असेल तर लगेच बुजव, उशीर केलास तर दुसरी जोडी येऊन राहील.

पण नुसती लांबी (पुट्टी) भरून मोकळा होऊ नकोस, तो पुन्हा तिथेच टोचेल. चौकोनी कापून काढ. चारही बाजूंनी अडीच-तीन इंच वरचा स्टको घासून खालचा थर उघडा कर. थर्माकोलचा तुकडा घट्ट बसेल असा काप, ढिला नको. त्यावर बेस कोट (स्टकोखालचा थर), त्यात फायबरची जाळी, आणि ती जाळी जुन्या भागावर किमान अडीच इंच चढायला हवी. सगळे इथेच कंटाळा करतात, मग चौकोनाच्या आकाराचीच भेग येते.

सु.च्या फटीबद्दल मेसाकाकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. मी पुण्यात 11 वर्षं बांधकामावर काढली, इथे 26. नव्वदच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला सिंथेटिक स्टकोची घरं आतून कुजली. स्टको बाहेरून धडधाकट होता. खिडक्यांच्या कडेने पाणी आत जात होतं आणि बाहेर पडायला वाट ठेवलेली नव्हती. तिथली हवा दमट आहे, आपल्याकडे भिंत सुकते, एवढाच आपल्याला फायदा. तो फायदा सिलिकॉन मारून घालवू नका.

सिलिकॉन लागतं ते खिडकीच्या चौकटीशी. पूर्ण सिंथेटिक भिंत असेल तर तेही वरच्या रंगीत थरावर चिकटवायचं नाही, तो ओला झाला की मऊ पडतो आणि सिलिकॉन त्याला सोलून घेऊन निघतं. खालच्या बेस कोटवर चिकटवायचं, मागे बॅकर रॉड (फटीत बसवायची फोमची गोल दोरी) घालून.

आजोबा


प्रेषक: नि., टेंपी
सोमवार, संध्याकाळी 6:10

फक्त 950 या आकड्याबद्दल. अ‍ॅरिझोनात परवाना नसलेल्या हँडीमनला मजुरी आणि सामान धरून 1000 डॉलरच्या आतलंच काम करता येतं. त्यामुळे बरेच जण 950 सांगतात आणि निम्मं काम झाल्यावर पुढचं वेगळं म्हणतात. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला हेच झालं होतं. परवाना नंबर विचारा आणि रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या संकेतस्थळावर तपासा. नंबर नसेल तर निदान काय काय करणार ते कागदावर घ्या.

नि.


प्रेषक: वै., चँडलर
सोमवार, रात्री 9:00

आजोबा, तुम्ही आणि काका दोघांनी सांगितलंत म्हणून आज ह्यांनी गॅरेजमागचं सिलिकॉन हातभर कापून काढलं. तिथला कागद कोरडा आहे. पण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कापलं तर पट्टीतून गंजाचं पाणी आलं, चमचाभर. काका, मीटर घ्यायला उद्या येऊ का? आणि ती तांब्याची जाळी किती लागते?

वै.


प्रेषक: सु., गिल्बर्ट
मंगळवार, सकाळी 6:30

सगळ्यांचे मनापासून आभार. हँडीमनला रात्रीच निरोप पाठवला, बुधवारी नको म्हणून.

आज उन्हाआधी मोजपट्टी घेऊन मोजायला गेले. 4 इंच तर सोडाच, पट्टी दिसतच नाही! त्या कोपऱ्यात तीन पावलं लांबीपर्यंत ती खडीखाली गाडली गेलीय. हाताने उकरलं तर 3 इंच खडीखाली सापडली, आणि खालची माती ओली. हँडीमनने दाखवलेली फट पलीकडच्या मोकळ्या भागातली होती.

मग आठवलं. मागच्या वर्षी मांडवासाठी जागा सपाट करायला आपण जी खडी पसरली, ती त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यावरच्या स्प्रिंकलरचं तोंडही तेव्हा वळलंय, पहाटे पाणी सरळ भिंतीवर येतं. वर्षभर माझं लक्षच गेलं नाही.

आता फुगे खरवडू का? आणि रंग गणपतीआधी होईल का?

सु.


प्रेषक: पिओरियाचे आजोबा
मंगळवार, सकाळी 7:15

रंग गणपतीआधी नाही. हे ठामपणे सांगतो.

आज खडी काढा आणि स्प्रिंकलर बंद करा. फुगलेलं सगळं पातळ थापीने खरवडा, टणक लागेपर्यंत. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा आत जातात. मग भिंत उघडी ठेवा, सुकू द्या, निदान दोन-तीन आठवडे. मीटरचा आकडा वरच्या चांगल्या भागाएवढा आला की बेस कोटचा पॅच आणि वर मिळताजुळता स्टको. नंतर रंग.

रंग साधा शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक घे. इलॅस्टोमेरिक सगळ्यांना आवडतो, भेगांवर ताणतो म्हणून. पण तो जाड बसतो आणि खालून ओल असली तर पुन्हा हेच फुगे, मोठे. आणि पश्चिमेच्या भिंतीला रंग सकाळी द्यायचा, ऊन तिकडे वळायच्या आत. तापलेल्या भिंतीवर रंग चिकटायच्या आधीच वाळतो आणि नंतर साली निघतात. 2023 मध्ये 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस दुपारचा पारा रोज 110 फॅरेनहाइटला किंवा त्याच्या वर गेला होता. त्या महिन्यात घाई करून रंगवलेली एक भिंत आमच्या गल्लीत आहे, येऊन बघ.

एचओएला आजच फोटोसह लिही: कारण सापडलं, भिंत सुकवतोय, ऑक्टोबरअखेर रंग होईल, मुदत वाढवून द्या. लेखी माग.

आजोबा


प्रेषक: यादी-व्यवस्था
मंगळवार, सकाळी 8:00

खडी मंडळाच्या कामासाठी पसरली होती, तेव्हा ती उचलणं मंडळाचं काम आहे. हे मी मागच्या वर्षीच्या आवराआवरीच्या यादीत लिहिलं होतं, पण त्या दिवशी पाऊस आला आणि ते राहिलं. सु., त्याबद्दल क्षमस्व. शनिवारी पहाटे 5 वाजता सु.कडे जमायचं, 8 च्या आत संपवायचं. हातमोजे आणि बंद बूट सगळ्यांना सक्तीचे, खडीखाली विंचू असतील. पॅचच्या सामानाचा खर्च मंडळाच्या खात्यातून करावा असं मी सुचवते, हरकत असेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं.

यंदा मांडव भिंतीपासून 3 फूट लांब. दिव्यांच्या माळांसाठी स्टकोत खिळे मारायचे नाहीत, बांबू उभे करू.


प्रेषक: मेसाकाका
मंगळवार, सकाळी 8:25

हरकत नाही. माझ्याकडे दोन फावडी आणि ओलाव्याचा मीटर आहे. वै., मीटर आज संध्याकाळी घेऊन जा, शनिवारी सु.कडे परत आण. जाळीची एक गुंडाळी उरलीय, ती तुलाच ठेवतो.

घमेलं कोणाकडे आहे?


प्रेषक: दि., स्कॉट्सडेल
मंगळवार, सकाळी 9:10

माझ्याकडे दोन घमेली आणि एक हातगाडी. 5 ला येतो.

भोकात फोटो काढला, पिल्लं आहेत. थांबतो.

दि.