इंदूर : दहा लाखांचं कर्ज काढून कॉम्प्युटर, की सरकारी कॉलेजात ईटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन)?

लोकमान्यनगरची आई:
नमस्कार. मुलगा एमपी बोर्डातून 82 टक्क्यांनी बारावी झाला. जेईई मेनला रँक दीड लाखाच्या आत, पण फार आत नाही. इथल्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर मिळतंय, वर्षाला अडीच लाख फी. दुसरीकडे एसजीएसआयटीएस कॉलेजात किंवा देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजात ईटीसी मिळेल असं दिसतंय, फी त्याच्या निम्म्याहून कमी. ह्यांचं दुकान आहे, वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आत. बँकेने दहा लाखांसाठी घराचे कागद मागितले. घर सासऱ्यांनी बांधलेलं आहे. तेव्हापासून मला झोप नाही. मुलगा म्हणतो, "आई, कॉम्प्युटरवाल्याला नोकरी लागतेच, मी फेडीन." फेडू शकेल का हो तो?

परदेशीपुरा ते बंगळुरू:
ताई, मी हेच केलं होतं. आठ लाखांचं कर्ज, ब्रँच कॉम्प्युटर. कॅम्पसमध्ये नोकरी लागली, घरी पेढे वाटले, आणि जॉइनिंग लेटर आलं अकरा महिन्यांनी. पहिला पगार हातात पडला तोच हप्ता सुरू झाला. पॅकेज साडेतीन लाखांचं, पीएफ वगैरे कापून हातात 24,000. व्याज चढून कर्ज 10 लाख 80 हजार झालेलं, हप्ता 14,270. पीजीचं भाडं 9,000. उरलेल्या सातशे-आठशे रुपयांत महिना कसा निघणार? दोन वर्षं अर्धा हप्ता बाबा भरत होते. कर्जात बाबा सहकर्जदार, त्यामुळे दर पाच तारखेला बँकेचा मेसेज त्यांच्याच फोनवर यायचा आणि ते मला फोन न करता गुपचूप पैसे टाकायचे. हे मला फार उशिरा कळलं.

आज पगार चांगला आहे, कर्ज जवळजवळ फिटलंय. म्हणजे शिक्षण वाया गेलं नाही. पण पहिली तीन वर्षं फार जड जातात आणि त्यांचा हिशोब ॲडमिशनच्या वेळी कोणीच मांडून देत नाही.

निवृत्त बँकवाला, सुदामानगर:
वहिनी, तुमच्या आकड्यांवरच हिशोब सांगतो. दर वर्षी अडीच लाख उचललेत, व्याज 10 टक्के धरा. शिकतानाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. साडेतीन लाख नुसतं व्याज होतं. साडेतेरा लाखांवर दहा वर्षांचा हप्ता येतो साधारण 17,800. हेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे 2,100 आणि शेवटी 8,300, तर हप्ता 13,200 वर थांबतो. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात, मॅनेजरला विचारा.

साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही. घराचे कागद देऊ नका असं मी हक्काने सांगतो.

आणि कर्जाच्या आधी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना बघा. एमपी बोर्डात 70 टक्के आणि जेईई मेनला दीड लाखाच्या आत रँक, दोन्ही तुमच्याकडे आहे. उत्पन्नाची अटही तुम्ही पाळता. सरकारी कॉलेजात फी शासन भरतं. खासगीत दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यांत कमी असेल ते. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का, ते पोर्टलवर तपासा. काउन्सेलिंगमध्ये टीएफडब्ल्यूच्या जागांनाही चॉइस भरा, तिथे ट्यूशन फी माफ असते.

एक प्राध्यापिका:
थोडा वेगळा सूर लावते. कर्जाला एवढं घाबरू नका. मुलाला मनापासून कोडिंग करायचं असेल तर चार-पाच लाखांचं कर्ज मी वाईट म्हणणार नाही. पण कॉलेज निवडताना फाटकावर लावलेलं सर्वांत मोठं पॅकेज बघू नका, ते एकाच मुलाचं असतं. कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला, दिलेली माहिती असते. त्यात किती मुलं पास झाली, किती लागली आणि पगाराचा मध्यांक काय, हे तीन आकडे बघा. मध्यावरच्या मुलाच्या हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात हप्ता बसत असेल तरच पुढे जा. ईटीसीच्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्या घेतातच, माझ्या वर्गातली दरवर्षी जातात.

लोकमान्यनगरची आई:
तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद रात्री मुलाला वाचायला दिले. बंगळुरूच्या दादाचं वाचून तो गप्प झाला, मग स्वतःच म्हणाला की चॉइसच्या यादीत आयईटीची ईटीसी वर घेऊ. कॉम्प्युटर टीएफडब्ल्यूतून मिळालं तर बघू. काका, एकच अडचण. समग्र आयडीत (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदीत) त्याचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने आहे, मार्कशीटवर वेगळं. मेधावीला अडेल का?

निवृत्त बँकवाला, सुदामानगर:
अडू शकतं. उद्याच झोन ऑफिसला मार्कशीट आणि आधार घेऊन जा, दुरुस्ती टाका आणि पावती जपून ठेवा. फॉर्म त्यानंतरच भरा.