व्हीएसडी: पॅच की छत्री?

ऐरोलीहून: लेक सात महिन्यांची. दूध पिताना कपाळ घामाने भिजायचं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मोठं व्हीएसडी निघालं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. डॉक्टर छाती उघडून पॅच लावायचा म्हणतात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून छत्री, म्हणजे छिद्र बुजवणारं छोटं उपकरण, घालून होत नाही का हो?

कळव्याहून: ताई, छिद्र कुठे आहे त्यावर ठरतं. महाधमनीच्या झडपेला लागून असेल तर छत्री झडपेला घासते. माझ्या मुलाचं तसंच होतं. हार्ट-लंग मशीनवर (ते तेवढ्या वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करतं) घेऊन पॅच शिवला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून वरणभात मागितला, मी तिथेच रडले.

वाशीहून: उशीर मात्र नको. फुप्फुसांतला दाब फार वाढला तर छिद्र बंदही करता येत नाही.

ऐरोलीहून: रिपोर्टवर सब-एऑर्टिक, म्हणजे महाधमनीच्या झडपेखाली, असं लिहिलंय. म्हणजे पॅचच. व्रण दिसतो का?

कळव्याहून: दिसतो. बनियनच्या गळ्यातून जरासा डोकावतो.